ज्याचा सर्व्हर, त्याची बॅटिंग?

दोस्तांनो, आज एक कोडं घालते. तुम्ही मोबाइलवर खेळता त्या खेळातला तुमचा गडी, त्याची तलवार, त्याने साठवलेली नाणी हे सगळं राहतं कुठे? 'मोबाइलमध्ये!' असं उत्तर दिलंत, तर शंभरातले शून्य गुण बरं का!

तुमच्यातल्या मोठ्यांना २०२० साल आठवत असेल. त्या वर्षी २ सप्टेंबरला भारत सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. तरी ज्यांच्या मोबाइलमध्ये तो आधीपासून होता, त्यांचा खेळ काही दिवस चालूच राहिला. मग ३० ऑक्टोबर २०२० रोजी कंपनीने भारतातल्या खेळाडूंसाठी आपले सर्व्हर बंद केले. झालं! मोबाइल हातात, खेळ मोबाइलमध्ये, चार्जिंग पूर्ण, आणि तरीही खेळ काही सुरू होईना. आमच्या निलंग्यातल्या पोरांनी मोबाइल बंद करून पाहिले, चालू करून पाहिले, काकाच्या मोबाइलवरही घालून पाहिले. उपयोग शून्य. कारण खेळाचा जीव मोबाइलमध्ये नव्हताच. तो दूर कुठेतरी एका मोठ्या संगणकात होता. त्या संगणकालाच म्हणतात सर्व्हर.

आता मुलं विचारतात, "बाई, असा सर्व्हर आपला आपल्याला नाही का चालवता येणार?" चालवता येतो. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकटही मिळतं. पण कोणतं निवडायचं, कोणत्याला हात लावायचा नाही आणि का, हे कळलं पाहिजे. 'घर पाहावं बांधून' म्हणतात ना, त्यातलीच गत आहे ही!

स्कोअरर आणि मैदान

पोळ्याच्या सुट्टीत तुम्ही क्रिकेटचे सामने भरवता. मैदानावर खेळाडू धावत असतात, पण धावा किती झाल्या हे ठरतं स्कोअररच्या वहीत. कुणी कितीही ओरडून सांगितलं की माझ्या पन्नास झाल्या, वहीत अठ्ठेचाळीस असतील तर अठ्ठेचाळीसच!

ऑनलाइन खेळात सर्व्हर हा तो स्कोअरर. तुमच्या मोबाइलमधला किंवा संगणकातला भाग म्हणजे क्लायंट. तो चित्रं दाखवतो, आवाज काढतो आणि तुम्ही कोणतं बटण दाबलं ते सर्व्हरला कळवतो. राक्षस मेला की नाही, नाणी किती मिळाली, तुम्ही कोणत्या गावात उभे आहात, हा निकाल सर्व्हर देतो आणि लिहून ठेवतो. ज्या खेळात तुम्ही एखादं पात्र घेऊन महिनोन्‌महिने त्याला वाढवता, त्याला भूमिका-खेळ म्हणू या. तिथे तर ही वही फार मोलाची. वही गेली की पात्र गेलं!

ऐकून ऐकून पाठ

मग कंपनीचा सर्व्हर नसताना दुसरा सर्व्हर कसा चालतो? स्नेहसंमेलनात कधी असं झालंय का, की नाटकाच्या दिवशीच राजा तापाने फणफणला? आणि रोज तालमीला कोपऱ्यात बसणारा एखादा मुलगा पुढे येतो, "मी करतो की, मला सगळं ठाऊक आहे." त्याने नाटकाची वही वाचलेली नसते. प्रधान काय विचारतो आणि राजा काय उत्तर देतो, हे त्याने नुसतं ऐकून ऐकून लक्षात ठेवलेलं असतं.

काही प्रोग्रॅमर नेमकं हेच करतात. क्लायंट सर्व्हरला काय संदेश पाठवतो, सर्व्हर काय उत्तर देतो, हे ते बारकाईने पाहतात आणि तशीच उत्तरं देणारा नवा प्रोग्रॅम स्वतः लिहितात. हा झाला सर्व्हर एम्युलेटर, म्हणजे सर्व्हरची हुबेहूब भूमिका वठवणारा बदली नट. त्याच्यावर चालणाऱ्या खेळाला म्हणतात खासगी सर्व्हर.

दक्षिण कोरियातल्या ग्रॅव्हिटी कंपनीने २००२ साली 'रॅग्नारॉक ऑनलाइन' नावाचा भूमिका-खेळ काढला. त्याच्यासाठी स्वयंसेवकांनी 'अथेना' नावाचा एम्युलेटर लिहिला. त्यातून ईअथेना झाला, पुढे आरअथेना आला आणि त्यातून 'हर्क्युलिस' फुटला. एका झाडाला फांद्या फुटाव्यात तसं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २००४ चा खेळ. त्याच्यासाठी मँगोस, मग ट्रिनिटीकोर, नंतर ॲझरोथकोर असे प्रकल्प निघाले.

तीन खिडक्यांचं कार्यालय

आरअथेना पोटात कसा आहे, ते पाहण्यासारखं आहे. तहसील कार्यालयात वेगवेगळ्या कामाला वेगवेगळी खिडकी असते ना, तशा त्यात तीन मुख्य खिडक्या आहेत. पहिली लॉगिन सर्व्हरची. इथे नाव आणि पासवर्ड तपासतात. दुसरी कॅरॅक्टर सर्व्हरची. इथे तुमची पात्रं कोणती, त्यांची ताकद किती, ही नोंद काढतात. तिसरी मॅप सर्व्हरची. खरा खेळ इथे चालतो: कोण कुठे उभा, कोणता राक्षस कुठून आला. आणि या तिघांच्या मागे एक मोठी रेकॉर्ड रूम. तिला डेटाबेस म्हणतात.

या तीन खिडक्यांचं आपसांतही एक गुपित असतं. ते एकमेकांना ओळखावेत म्हणून एक नाव आणि एक पासवर्ड ठरलेला असतो. सॉफ्टवेअर नवं कोरं उतरवून घेतलं, की हे नाव असतं 'एस१' आणि पासवर्ड 'पी१'. हे जगभर सगळ्यांना ठाऊक! म्हणजे नव्या घराला कुलूप आहे, पण त्याची किल्ली गावातल्या प्रत्येकाकडे. म्हणून जाणकार सांगतात, पहिलं काम कोणतं? कुलूप बदला!

फुकट आहे, पण कुणाचं?

इथे जरा सावरून बसा. बदली नटाने संवाद ऐकून शिकले, हे त्याचे कष्ट. पण राजाचा मुकुट, अंगरखा आणि पडदे त्याने मूळ मंडळींच्या पेटीतून न विचारता उचलले तर? मग ती चोरी.

एम्युलेटर हा स्वयंसेवकांनी लिहिलेला स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. पण खेळाची चित्रं, संगीत, नकाशे, नाव हे सगळं कंपनीचं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. रीतसर मिळवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमशी जोडायचा असेल आणि त्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायला या कायद्यात जागा ठेवलेली आहे. पण दुसऱ्याची चित्रं आणि संगीत कॉपी करून वाटायला जागा नाही. शिवाय बहुतेक कंपन्या खेळ घेतानाच जो करार मान्य करायला लावतात, त्यात खासगी सर्व्हरला मनाई असते.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. तीन खऱ्या गोष्टी ऐका.

पहिली. अमेरिकेत 'स्केपगेमिंग' नावाचा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा खासगी सर्व्हर होता. तो चालवणारे खेळाडूंकडून पैसे घेत. २०१० साली न्यायालयाने ८ कोटी ८० लाख डॉलरांहून अधिक रक्कम कंपनीला देण्याचा हुकूम केला.

दुसरी. 'नोस्टॅलरियस' नावाच्या सर्व्हरवर हौशी मंडळींनी त्याच खेळाची जुनी आवृत्ती जिवंत ठेवली होती. कंपनीची नोटीस आली आणि एप्रिल २०१६ मध्ये तो बंद झाला. खेळाडू हळहळले. जुना खेळ परत द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. शेवटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने स्वतःच जुना खेळ 'क्लासिक' म्हणून पुन्हा सुरू केला.

तिसरी मला सगळ्यांत आवडते. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ कंपनीने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. चाहत्यांनी त्याचा सर्व्हर पुन्हा उभा केला. त्यातल्या 'होमकमिंग' या गटाने कंपनीशी बोलणी केली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना रीतसर परवाना मिळाला. बघा, जे चोरून चाललं होतं ते विचारून चालू झालं. चांगल्या कामाला परवानगी मागायला लाजू नये, ती अशी!

निवडायचं कसं? सात प्रश्न

कोणतंही सर्व्हर सॉफ्टवेअर घेण्याआधी वहीच्या पानावर हे सात प्रश्न लिहा आणि समोर उत्तरं मांडा.

१. कोणती आवृत्ती? क्लायंट आणि सर्व्हर एकाच आवृत्तीचे हवेत. ॲझरोथकोर हा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ३.३.५ या एकाच आवृत्तीसाठी आहे. आरअथेनाला क्लायंट कोणत्या तारखेचा आहे हे सांगावं लागतं. चुकीची तारीख सांगितली, तर दोघं एकमेकांची भाषा समजत नाहीत. एक मराठीत बोलतो, दुसरा कानडीत ऐकतो!

२. परवाना काय? सॉफ्टवेअरसोबत परवान्याचा कागद असतो. आरअथेना आणि हर्क्युलिस यांना जीपीएल हा मुक्त परवाना आहे. वापरा, शिका, बदला, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत तर त्याचा कोडही द्या, असं तो सांगतो. परवानाच नसेल, तर हात लावू नका.

३. प्रकल्प जिवंत आहे का? शेवटची दुरुस्ती कधी झाली, चूक कळवली तर कुणी लक्ष देतं का, ते पाहा. ईअथेना एके काळी जोरात होता, आज त्याच्याकडे बघायला कुणी नाही. विहीर बुजलेली असेल, तर पोहरा कितीही चांगला असून काय उपयोग?

४. माहितीची वही आहे का? पायरी पायरीने समजावणारी कागदपत्रं असलेला साधा प्रकल्प, कागदपत्रं नसलेल्या भारी प्रकल्पापेक्षा बरा.

५. आपल्या संगणकाला झेपेल का? ॲझरोथकोरसारख्या सर्व्हरला नकाशांच्या मोठमोठ्या फायली लागतात. त्या क्लायंटमधून काढाव्या लागतात आणि डिस्कवर बरीच जागा खातात. शाळेच्या जुन्या संगणकाची आधी चौकशी करा.

६. मूळ कोड की तयार पाकीट? मूळ प्रकल्पाच्या ठिकाणाहून घेतलेला कोड हजारो डोळ्यांखालून गेलेला असतो. याउलट 'दोन मिनिटांत सर्व्हर सुरू' असं म्हणत अनोळखी लोक तयार पाकिटं वाटतात. त्यात काय भरलंय कुणास ठाऊक! एखादा व्हायरस असू शकतो, एखादं छुपं खातंही असू शकतं. ते पाकीट उघडताना 'अँटीव्हायरस बंद करा' असं कुणी सांगितलं, तर सरळ पाठ फिरवा. राखणदार कुत्र्याला बांधून ठेवा, असं सांगणारा पाहुणा कसला असेल?

७. वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न सुटत नाही. बरेच सर्व्हर काही मिनिटांच्या अंतराने नोंदी जपून ठेवतात. मधेच वीज गेली, तर तेवढ्या वेळातला खेळ पुसला जातो, कधी डेटाबेसही बिघडतो. म्हणून नोंदींची दुसरी प्रत काढणं सोपं आहे का, हे आधीच बघा. आणि प्रत त्याच संगणकात नको, पेन ड्राइव्हवर घ्या.

एक गणित सोडवून पाहू

समजा, शाळेत बारा मुलं आहेत. जुने संगणक तारेने एकमेकांना जोडलेले आहेत, इंटरनेट कधी असतं कधी नसतं, खिशात पैसे नाहीत. काय निवडाल?

आरअथेना? सर्व्हर मोफत आहे, पण खेळाची चित्रं ग्रॅव्हिटी कंपनीची. तेव्हा तो शिकण्यासाठी वाचावा, पण त्यावर खेळ उभा करू नये.

'व्हेलोरेन'? हा पूर्ण मुक्त भूमिका-खेळ आहे. सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही खुले, कुणाची परवानगी मागायची गरज नाही. पण चित्रं छान दिसायला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. आपल्या जुन्या संगणकांना दम लागेल.

'द माना वर्ल्ड'? ही गंमत बघा. २००४ पासूनचा हा मोफत भूमिका-खेळ. त्याच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं ईअथेनातूनच घडवलेला सर्व्हर वापरला, पण चित्रं आणि गोष्टी मात्र आपल्या आपण तयार केल्या. म्हणजे बदली नटाने स्वतःचं नाटक लिहिलं आणि कपडेही स्वतः शिवले! तीन खिडक्यांचं कार्यालय समजून घ्यायचं असेल, तर हा उत्तम धडा.

'लुआंटी'? फिनलंडच्या पेर्टू अहोला याने २०१० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प पूर्वी मायनेटेस्ट या नावाने ओळखला जाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललं. हा एम्युलेटर नाही. ठोकळ्यांचे खेळ तयार करायचं नि चालवायचं हे मुक्त साधन आहे. सर्व्हर त्यातच असतो. इंटरनेट नसतानाही शाळेच्या आतल्या जाळ्यावर चालतो. 'लुआ' या सोप्या भाषेत चार ओळी लिहून खेळात नव्या गोष्टी घालता येतात. आणि सगळं जग एका फोल्डरमध्ये मावतं. सर्व्हर बंद केला, फोल्डरची प्रत घेतली, झालं काम!

माझं मत विचाराल, तर या बारा मुलांनी लुआंटी घ्यावा. त्यात नीलकंठेश्वराचं दगडी मंदिर बांधा. खरोसा लेणी कोरा. औशाचा किल्ला उभारा. बाजारात एक आजोबा उभे करा. ते येणाऱ्याला काम सांगतील, "बाळा, मांजरा नदीकाठून एवढी लाकडं घेऊन ये, मग तुला गरमागरम निलंगा राईस देईन." झाला की आपला भूमिका-खेळ! परदेशातल्या राक्षसांची आपल्याला गरजच काय?

सुरुवात मात्र दमाने करा. आधी एकाच संगणकावर, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावर चालवा. हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःलाच मारलेली हाक. तिथे जमलं, की शाळेच्या आतल्या जाळ्यावर मित्रांना बोलवा. बाहेरच्या इंटरनेटला दार उघडायचं नाही. आणि रिकामा पासवर्ड चालणार नाही, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवा.

बॅट कुणाची?

आता सगळ्यांत अवघड भाग. तो सॉफ्टवेअरचा नाही, माणसाचा आहे.

गल्लीतला नियम तुम्हाला पाठ आहे: ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आउट झाला तरी मानायचा नाही, आणि फार बोललात तर बॅट घेऊन घरी! सर्व्हरचंही तसंच होतं. तो चालवणाऱ्याच्या हाती अफाट सत्ता असते. तो उडू शकतो, हवी ती वस्तू काढू शकतो, नावडत्या मुलाला हाकलू शकतो. आणि हे सगळं गुपचूप! एका मुलीने पंधरा दिवस खपून बुरूज बांधावा आणि मालकाच्या मित्राने तो गंमत म्हणून फोडावा, याचं दुःख लटकं नसतं. मोठी माणसं म्हणतात, 'एवढं काय, खेळच आहे.' पण पंधरा दिवस तिचे खरे होते ना!

म्हणून सर्व्हर सुरू व्हायच्या आधी कागदावर नियम लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. मुख्य अधिकार दोघांकडे असावेत, एक मुलगा, एक मुलगी. दर महिन्याला ते बदलावेत. अधिकारी असणाऱ्याने आपल्या पात्राला फुकट काही द्यायचं नाही. कुणाला काढायचं असेल, तर आधी सगळ्यांसमोर त्याचं म्हणणं ऐकायचं. लुआंटीत कोणता ठोकळा कुणी फोडला याची नोंद ठेवायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. ती चालू करा. सॉफ्टवेअर नोंद ठेवील, न्याय मात्र तुम्हालाच करावा लागेल.

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, मूल 'सर्व्हर' म्हणालं म्हणजे ते वाया चाललं, असं समजू नका. त्यात गणित आहे, इंग्रजी वाचन आहे, चिकाटी आहे. पण तीन गोष्टी तुमच्याच हाती ठेवा.

पैसा: अनोळखी खासगी सर्व्हरवर 'देणगी द्या, तलवार घ्या' असं सांगतात. एक रुपयाही नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या कायद्याने बंदीच आणली आहे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा.

माहिती: मुलाचं खरं नाव, शाळा, फोटो, मोबाइल क्रमांक खेळात जाऊ नये. माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. घरातला पासवर्ड आणि खेळातला पासवर्ड एक नसावा.

वेळ: किती वेळ खेळायचं हे मुलाला सोबत घेऊन ठरवा. आणि आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसून म्हणा, "दाखव बरं, तुझं गाव कसं झालंय?"

तर मित्रांनो, सात प्रश्नांचं पान आजच तयार करा. नियमांचा कागद कोण लिहिणार, तेही ठरवा. सर्व्हर एका संध्याकाळी उभा राहतो, पण त्यावर खेळावंसं वाटेल असं गाव वसवायला फार दिवस लागतात. मंदिराचा पहिला दगड कुणी ठेवायचा, यावरून मात्र भांडू नका. चिठ्ठ्या टाका!